पाचव्या धड्यापर्यंतचं रशियन

रशियन भाषेत पाचव्या धड्याच्या पुढं शिकण्यासारखं काही नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच होता, आणि तो आमच्या गावच्या दूध सोसायटीत दुधाचा फॅट काढायचा. गाव त्यांना 'फॅटवाले' म्हणायचं. अंगानं बघाल तर पाटोद्याच्या बाजारात काट्यावर उभे केले तरी काटा हलेल की नाही अशी शंका यावी. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात दोन पेनं, त्यातलं एक कायमचं बंद, आणि उजव्या हाताचं बोट सदोदित कशाकडं तरी रोखलेलं. मी तेव्हा गावच्या शाळेत नवाच मास्तर होतो. ते माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, पण मला 'गुरुजी' म्हणत आणि माझ्यासमोर खुर्चीवर काही केल्या बसत नसत. मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. ते मात्र उभ्या उभ्या तास तासभर बोलायचे.

कुठलंही काम अर्धवट करायचं त्यांना माहीतच नव्हतं. फॅटचं मशीन तेव्हा दुधाच्या नळ्या घालून हातानं फिरवायचं असे. ते फेरे मोजून फिरवायचे, आणि मध्ये कुणी 'जयभीम' घातला की 'जयभीम' म्हणून पुन्हा एकपासून सुरू. रांगेतली माणसं वैतागून जायची. एकदा चेअरमन स्वतः किटली घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, माझ्या घरचं दूध हाय, घ्या की तसंच." फॅटवाले नळीवरची नजर न काढता म्हणाले, "दूध तुमचं हाय साहेब, फॅट म्हशीचा हाय." चेअरमन गुमान रांगेत उभे राहिले.

याच गुणामुळं गावात कुणाच्या पोरीची सोयरीक निघाली की पोरीचा बाप, मग तो कुठल्याही आळीतला असो, यांना सोबत न्यायचा. आमच्याकडं पोरगी द्यायची तर आधी त्या गावचं पाणी बघतात. घर नंतर, जमीन नंतर, पोरगा तर त्याच्याही नंतर. पाहुण्यांच्या दारात गेलं की बाकीचे सतरंजीवर टेकायचे आणि हे थेट विहिरीवर. दोर सोडून हातानं मोजणार, ओंजळभर पाणी चाखणार, आणि हंडा घेऊन चाललेल्या एखाद्या बाईला विचारणार, "माय, दिसातनं किती खेपा पडतेत?" नेकनूरकडचं एक सोन्यासारखं स्थळ त्यांनी नुसत्या त्या बाईच्या उत्तरावर मोडलं होतं. "पोरगा लई चांगला हाय," ते मला म्हणाले, "पर पोरीचा जल्म रस्त्यावरच जाईल, गुरुजी."

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक पोरीला, सुजाताला, डॉक्टरी शिकायला रशियाची शिष्यवृत्ती मिळाली. अर्ज मीच भरला होता, त्यामुळं पेढे खायच्या ऐवजी मी गुन्हेगारासारखा त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. दुष्काळाचं साल होतं. सोसायटीत बारा कॅन दूध यायचं ते तीनवर आलं होतं, जनावरं छावणीत होती आणि माणसं खडी फोडायला. वहिनी, म्हणजे सुजाताची आई, चुलीपुढून उठल्याच नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "शेजारच्या गावाला पोरगी द्यायची तर पानी बघता. रशियाचं पानी कोन बघून आलंय? अन् तिथं तिला काय झालं तर कुनाला ईचारायचं?"

फॅटवाल्यांनी टोपी काढून पुन्हा नीट बसवली. मग म्हणाले, "मी ईचारीन."

"कसं?"

"त्यांच्या भाषंत ईचारीन."

एवढ्या एका शब्दावर त्या माउलीनं पोरगी सोडली. दोन महिन्यांनी सुजाता गेली, आणि फॅटवाले अभ्यासाला लागले.

बीडच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी हिंदीतून रशियन शिकवणारं जाडजूड पुस्तक आणलं. दूध कमी, म्हणून वेळ भरपूर. पहिले चार धडे अक्षरओळखीत गेले आणि पाचव्या धड्यात त्यांना घबाड सापडलं. त्या धड्यात 'हा-ही-हे' आणि 'तो-ती-ते' होतं. एतत, एता, एतो. तोत, ता, तो. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ते पुस्तक घेऊन शाळेत धावतच आले. "गुरुजी, त्यांच्यातबी तिन्ही लिंगं हायत! इंग्रजाचं काय, समद्यांना एकच 'धिस', मानूस असू द्या न्हाईतर बादली. हे लोक आपल्यातले हायत. अन् हा बघा, ह्यो 'तो'. आपलाच हाय. कवातरी दुष्काळात चारा हुडकत तिकडं गेलता, परत आलाच न्हाई."

त्यानंतर आठ महिने ते पाचव्या धड्यावरून हलले नाहीत. जवळच्या वस्तूला एक, लांबच्या वस्तूला दुसरं, असं अख्ख्या गावाकडं बोट करत त्यांनी ते घोटलं. सोसायटीच्या ओट्यावर उभं राहून किटलीकडं बोट करायचे, "एतो मलाको." हे दूध. रस्त्यापलीकडून येणाऱ्या किटलीकडं बोट, "तो मलाको." ते दूध. दूध घालायला येणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि आठवड्याभरात त्याही म्हणायला लागल्या. खरी गंमत झाली ती पाणी घातलेल्या दुधाची. चारचौघांत कुणाला चोर कसं म्हणायचं? फॅटवाले नळी उन्हात धरायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "एतो वदा." हे पाणी आहे. ज्याला म्हणायचे तो बिचारा आपली तारीफ झाली समजून रामराम करून जायचा. शेवटी कुणीतरी माझ्याकडून अर्थ काढून घेतला. मग काय विचारता! चार जण ओट्यावर भांडायला आले. "आमच्या दुधाला कावून वदा म्हनले बे?" फॅटवाले शांतपणे म्हणाले, "मी रशियनमधी म्हनलं. मराठीत म्हनलं असतं तर सोसायटीला कळवावं लागलं असतं." ते चौघे आले तसे परत गेले. गावात पातळ चहाला मात्र अजूनही वदा म्हणतात.

मी म्हणायचो, "अहो, सहावा धडा कधी?" मास्तराची जात, राहवत नाही. ते म्हणायचे, "गुरुजी, इथलं अन् तिथलं दाखवता आलं की झालं. बाकीचं समोरचा मानूस समजून घेतो." मला ते ऐकून हसू यायचं, आणि आत कुठंतरी काळजीही वाटायची. कारण वहिनींना दिलेला शब्द मी माझ्या कानानं ऐकला होता.

हिवाळ्यात सुजाताची पत्रं बंद झाली. एक महिना झाला, दोन झाले. वहिनी आधी पोस्टमनची वाट बघायच्या, मग वाट बघणंही सोडलं. जेवण सुटलं. चार घास पोटात ढकलायच्या आणि ताट सारायच्या. एका सकाळी फॅटवाले मशीन फिरवत होते. वहिनी ओट्याखाली येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमी ईचारीन म्हनले होते. ईचारा आता."

फॅटवाल्यांनी मशीन फिरवता फिरवता मध्येच सोडलं. असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही तिघं एसटीनं बीडला गेलो. टेलिफोन ऑफिसात होस्टेलचा नंबर देऊन कॉल लावला. वहिनी आणि मी बाकड्यावर बसलो, फॅटवाले उभेच राहिले. फॅटवाले ओठातल्या ओठात पुटपुटत होते. दुपारी तीनच्या सुमाराला आमचं नाव पुकारलं. लाकडी खोक्याएवढ्या बूथमध्ये आम्ही तिघं कसेबसे मावलो. ऑपरेटर म्हणाला, "बोला, तीन मिनिटं."

पलीकडून एका बाईचा दणदणीत आवाज आला. मागोमाग दहा-बारा वाक्यं आली, एकही ओळखीचं नाही. फॅटवाल्यांनी टोपी काढून काखेत मारली. कपाळावर घाम. वहिनी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या.

"एतो," ते म्हणाले, आणि अडले. नेहमीसारखं बोट वर केलं, पण तिथं दाखवायला काहीच नव्हतं. मग ते बोट त्यांनी स्वतःच्या छातीला लावलं. "एतो पापा. सुजाता. एतो पापा."

क्षणभर तारेची खरखर. मग ती बाई ओरडलीच, "आऽऽ! पापा! पापा!" आणि रिसिव्हर ठेवून हाका मारत गेली. आमच्या गावच्या पोरीचं नाव त्या लांबलचक इमारतीत घुमत गेलेलं आम्ही बीडमध्ये ऐकलं. धावत येणारी पावलं ऐकली. मग सुजाताचा आवाज, पण आमच्याशी नाही. ती त्या बाईशी हसत हसत, भराभर, न अडखळता काहीतरी बोलली. फॅटवाल्यांनी ते सगळं ऐकलं आणि रिसिव्हर वहिनींच्या हातात दिला.

तिनं पत्रं टाकली होती, वाटेत कुठं अडकली कोण जाणे. तब्येत बरी होती. वहिनींनी उरलेली दोन मिनिटं एकाच प्रश्नावर घालवली. "दोन नळ? घरात? अन् एक गरम पान्याचा? खोटं बोलू नको गं सुजे!"

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर वहिनींनी फडकं सोडलं आणि दोन महिन्यांनी पोटभर भाकरी खाल्ली. आम्हालाही दिली. फॅटवाले भाकरी हातात धरून बाकाशेजारी नुसते उभे होते. "गुरुजी," ते म्हणाले, "ती त्या बाईला काय म्हनली, त्यातलं एक अक्षर मला कळलं न्हाई."

"अहो, ती रोज बोलते तिथं. तुम्ही तरी किती केलंत!"

"तसं न्हाई. बरं वाटलं मला. आपल्याला कळू नये असं बोलाय लागली, म्हंजे रुळली पोरगी तिथं." ते हसले. आणि मग एकाएकी त्यांचा चेहरा गोळा झाला. वहिनी निवांत होऊन लोटा भरायला गेल्या होत्या. आता ज्याला जेवण जाईना तो माणूस हा होता. पोरगी खरोखर किती लांब गेली आहे ते त्यांना त्या तीन मिनिटांत कळलं होतं.

 इतके दिवस मी त्यांना सगळ्या गावासारखं 'अहो फॅटवाले' म्हणत आलो होतो. मी बाकावर सरकून त्यांना जागा केली, हात धरून शेजारी बसवलं आणि म्हणालो, "खा, दादा."

ते बसले. थोड्या वेळानं त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.