मेंढ्याला पाजलेलं तेल

मेंढरांचा आवाज कानावर आला की ते प्रकरण आजही डोळ्यांपुढे उभं राहतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मनाला सलतं ते हेच, आणि त्यात मेला होता एक मेंढा. निदान सुरुवातीला तरी एवढंच होतं.

चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. भर उन्हाळ्यात मेंढपाळ संघाचा वार्षिक मेळावा भरला होता. मांडव, भाषणं, जनावरांना लसी आणि शेवटी सर्वांत देखण्या मेंढ्याच्या मालकाला मानाचा फेटा. सकाळीच संघाच्या अध्यक्षांचा मेंढा पाय झाडत मेला. अध्यक्ष तडक ठाण्यात आले.

"साहेब, माह्या मेंढ्याले विष देल्लं कोणीतरी!"

मांडवाजवळच्या चहावाल्यानं खबर दिली की, पहाटे एक माणूस त्या मेंढ्याच्या तोंडात बाटली रिकामी करताना दिसला. तो निघाला मागच्या वर्षीचा फेटेवाला, साठीचा, एकटा राहणारा मेंढपाळ. मला तर हेतू आयताच मिळाला. पंचनामा केला, बाटली जप्त केली, मेंढा शवविच्छेदनाला पाठवला आणि म्हाताऱ्याला चौकशीसाठी ठाण्यात आणून बसवलं.

"काय पाजलंस?"

"गोडेतेल, साहेब. त्याचं पोट फुगलं होतं, म्हून पाजलो."

"ज्याच्याशी तुझी चुरस, त्याच्या मेंढ्याला तू औषध देतोस? मला काय खुळा समजतोस?"

"पोट फुगलेलं जनावर कोनाचं हाये, हे आमी नाई पाहात, साहेब. मले जाऊ द्या. माह्या मेंढ्या काट्याच्या कुपात कोंडून हायेत. दुपारी त्याइले पानी पाजा लागते."

दिवसभर त्याचं हेच पालुपद. बाकी सगळे मेळाव्यात, आणि विष घालणाऱ्याची मेंढरं सांभाळायला जातंय कोण? एक शिपाई पाठवला असता तर काय बिघडलं असतं? नाही पाठवला. म्हटलं, थापा मारतोय, बसू दे रात्रभर. चोर दाराकडे बघत असतो. हा खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत होता. ते मला दिसलं होतं. पण अक्कल नको का चालायला!

दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्यकीय डॉक्टरांचा फोन आला. विष नव्हतंच. मेंढ्याचं पोट धानानं ठासून भरलं होतं, त्यानंच फुगून तो मेला, अन् बाटलीतही निव्वळ तेल. मी अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

"मीच चारलं धान, साहेब. मेंढा भरलेला दिसन, फेटा आमच्या घरी येईन, असं वाटलं. ते बिचारे म्हातारे भाऊ मेंढ्याचा आवाज ऐकून धावत आले होते. घरच्या मानसाच्या भेवानं बोलली नाई मी."

म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून मी स्वतः त्याच्या कुपाकडे गेलो. काट्यांचं कूप एका बाजूनं आडवं झालं होतं. तहानेनं व्याकूळ झालेली मेंढरं ते मोडून ओळखीच्या नाल्याकडे गेली होती आणि तिथं रानकुत्र्यांनी त्यांना गाठलं होतं. नाल्यात पाणी थोडंसंच होतं. दोन मेंढ्या तेवढ्या झुडपात थरथरत उभ्या होत्या. त्याही टिकल्या नाहीत.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं काम होतं, साहेब." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी मेळाव्याच्या बंदोबस्ताला मी होतो. म्हातारा आला होता, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि मागे एकही मेंढी नाही. खोटं पकडायला मला खात्यानं शिकवलं होतं. समोरचा खरं बोलतोय हे ओळखायला मी शिकलो, पण त्याची किंमत म्हाताऱ्यानं मोजली.

दुपारी कोणाची तरी मेंढी पोट फुगून खाली बसली. ओरडा झाला. म्हातारा पिशवीतून बाटली काढत धावला, गुडघ्यांवर बसला, मेंढीचं तोंड उघडलं. तेवढ्यात मी त्याला दिसलो. त्याचा हात तसाच थांबला.

"साहेब," त्यानं विचारलं, "पाजू काय?"