बाटलीला हळदकुंकू

आपल्या देशासारखा देश पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नाही, हे माझ्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, कन्हेरीच्या शिवेबाहेर फारसे न जाता ठरवून टाकले होते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती आणि आता आपला देश हळूहळू चारचौघांसारखा होतो की काय, या धास्तीने आतोबांच्या घशाखाली घास उतरत नसे. इंदापूरच्या बाजारात कोणी विलायती बियाण्याचे कौतुक केले की हे भांडायला उभे. स्वतः मात्र कालव्याच्या पाण्यावर बेलवांगी, म्हणजे टोमॅटो, पिकवायचे. ते फळ परदेशातून आलेय, असे मी एकदा सांगितले, तर म्हणाले, "आल्यालं आसंल गुरुजी. पर हितलं पानी प्यालं, आता ते आमचं हाय." मी बारामतीत मास्तर होतो, पण त्यांच्यापुढे माझा भूगोल कधी टिकला नाही.

त्या वर्षी आत्याला विषमज्वर झाला. दहा दिवस ताप हटेना. बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेल्या परदेशी गोळ्यांची बाटली घेऊन मी सायकलवरून कन्हेरी गाठली, तर आतोबांचा चेहरा पार उतरला. "गुरुजी, हे गोऱ्यांच्या अंगासाठी केल्यालं औषीद. आपलं अंग येगळं. लागू पडलं न्हाय तर?"

"मग काय तिला मरू द्यायचं?" मी ओरडलोच.

ते उठले. बाजारातून नवा बैल आणला की त्याच्या पायांवर पाणी घालून, हळदकुंकू लावून त्याला घरात घेतात. तसेच त्यांनी त्या बाटलीला घेतले. गोळ्या केव्हा, किती द्यायच्या, ही वर डकवलेली शाईची चिठ्ठी त्या पाण्यात धुऊन निघाली. मी कपाळाला हात लावला आणि पुन्हा बारामतीला सायकल हाणली. डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी लिहून आणली, तेव्हा कुठे पहिली गोळी आत्याच्या पोटात गेली.

पुढचे तीन दिवस आतोबा आत्याच्या उशाशी बसून होते. तिच्या कपाळावर हात ठेवून सारखे काहीतरी पुटपुटत. मी जवळ जाऊन ऐकले. "देवा, येवढ्या बाबतीत आमाला त्यांच्यासारखंच आसू दे."

चौथ्या दिवशी ताप उतरला. आत्याने पेज मागितली. जिवावरचे ओझे उतरले तसा मी थट्टेवर आलो, "काय आतोबा, आपलं अंग वेगळं ना?"

ते हसले नाहीत. बाटलीवरचे वाळलेले कुंकू अंगठ्याने चाचपत म्हणाले, "तितं बी कुणाची तरी बायकू आशीच तापानं पडली आसंल, तवाच कुणी ही गोळी शोधली. ती वाचली आसंल का, गुरुजी?"