थांबाबाई

१२ जुलै. नर्सिंग कॉलेजची फी आठ हजार चारशे पन्नास रुपये, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत.

सरकारी शाळेतल्या मार्गदर्शक बाई मूळच्या भूगोलाच्या. बारावीनंतर कुठे जायचं हे मुलांना सांगायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, आणि पुढे त्यांना तेच आवडू लागलं. सल्ला ठरलेला: "पहिल्या फेरीत घाई नको. थांबा, पुढे याहून चांगली जागा मिळते." पोरांनी नावच पाडलं, थांबाबाई. नावाचं बाईंना हसू यायचं. सल्ला कधी चुकला नव्हता.

त्या दुपारी त्यांनी यंदाची प्रवेशाची नोटीस पहिल्यांदाच नीट वाचली. पहिल्या पसंतीची जागा सोडली, तर पुढच्या सगळ्या फेऱ्या बंद! अशी जागा शाळेतून एकटीला मिळाली होती, शिंप्याच्या मुलीला. कालच बाईंनी तिला थांब म्हणून सांगितलं होतं.

शिंपी फोन उचलेना. बाई मिळेल त्या रिक्षाने त्याच्या दुकानाकडे निघाल्या.

"अहो, फोन का उचलत नाही?"

"मशीन चालू असलं की मला बायकोसुद्धा ऐकू येत नाही," शिंपी हसला. "बसा बाई. पोरगी थांबली, बरंच झालं. उद्यापासून मावशीच्या दुकानात बसवतो."

कोपऱ्यात काजं करणारी मुलगी खाली मान घालून बसली होती.

"थांबायचं नाही. माझं चुकलं. फी आत्ताच भरा, नाहीतर जागा गेली, कायमची."

शिंप्याने कात्री खाली ठेवली. "काल थांब, आज भर. पैसे आहेत हो. पण उद्या परत म्हणाल, चुकलं."

"म्हणेनही. पण पाच वाजून गेले, तर मग कोणी काही म्हणून उपयोग नाही."

"बाबा, भरा ना," मुलगी म्हणाली.

शिंप्याने तिच्याकडे बघितलं. मग त्याने फी भरायला फोन पुढे केला. पडद्यावर चक्र फिरत राहिलं, फिरतच राहिलं. बाईंची पाचावर धारण बसली. शेवटी पावती आली. मुलगी रडायला लागली. बाईंना मात्र सुटल्यासारखं वाटेना.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या कोर्सला जागा मिळालेल्या एका मुलाने विचारलं, "बाई, थांबू की भरू?" त्यांनी आधी नोटीस काढली, दोनदा वाचली, मग त्यालाही वाचायला लावली.

कालच्या घाईत रिक्षावाल्याला पैसे द्यायचे राहिले. त्याचे चाळीस रुपये बाईंकडे अजून बाकी आहेत.