मला ती बोली येत नाही
परवा शेजारणीने आमच्या डोंगरात खातात तशी नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणून दिली आणि त्या भाकरीच्या वासाबरोबर मला कॉलेजातली ती मुलगी आठवली. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते आणि प्रवेशाच्या दिवसांत, नव्या मुलांना मदत करणाऱ्या समान संधी केंद्राच्या टेबलावर बसायचे. मी मूळची सुरगाण्याच्या डोंगराकडची, पण शहरी मराठी इतकी घोटली होती की मैत्रिणी मला शहरातल्या पंचवटीतलीच समजायच्या, आणि मीही समजू द्यायचे. त्या दुपारी या मैत्रिणी माझ्या बाजूलाच बसल्या होत्या. एक मुलगी वसतिगृहाचा कोरा अर्ज घेऊन आली आणि थेट आमच्या बोलीत काहीतरी विचारू लागली. मी म्हटलं, "मराठीत बोल. मला ही बोली येत नाही." ती गोंधळली. "पण ताई, सकाळी जिन्यात तू आईसंग फोनवर हेच बोलत व्हतीस ना?" मैत्रिणी माझ्याकडे पाहू लागल्या. "दुसरं कोणी असेल," मी म्हटलं. ती हळूच "चुकलं माझं" म्हणाली आणि अर्जाची घडी घालून निघून गेली. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. मला ते माहीत होतं, तरी मी उठले नाही. पुढे ती कॉलेजात कधीच दिसली नाही. आता त्याच केंद्राचं काम मी बघते आणि डोंगराकडून आलेल्या मुलांशी आमच्या बोलीत बोलते. त्यांचे चेहरे खुलतात, आणि मला त्यांच्या नजरेला नजर देता येत नाही.