ढगाआडचा चंद्र आणि हसनचाचांची सुकती

मंडळी, आज सकाळी चंद्रावर आपटून परत आलेली रेडिओची हाक मी ऐकली.

त्यासाठी चार महिने खपून केलेली अँटेना घरामागे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभी आहे. आजपर्यंत काही ऐकू आलं नाही, तर तिच्या नळ्या टीव्हीच्या अँटेनाला द्यायच्या, असं बायकोला कबूल केलं होतं.

काल पौर्णिमा झाली. आज पश्चिमेला गच्च ढग होते. रेडिओला ढगांचं काही नसतं, पण नेम मी डोळ्यांनी धरतो. वहीतल्या हिशोबाप्रमाणे चंद्र मावळला होता, म्हणून अँटेनाचे दोर सोडायला लागलो.

शेजारी जाळं शिवत बसलेले हसनचाचा म्हणाले, "अजून सुकती पुरी झाली नाय. ओहोटीचं पाणी पार खाली गेल्याशिवाय चांद बुडत नाय." आणि हातातल्या सुईने ढगातली एक जागा दाखवली.

अँटेना तिकडे वळवली. खरखरीतून मोर्सची बारीक टिकटिक आली. युरोपातलं एक स्टेशन हाका मारत होतं.

नंतर वही पाहिली. ग्रीनविचची वेळ आपल्या वेळेत बदलताना मी एक तास कमी धरला होता.

चाचांना हेडफोन दिला. थोडा वेळ ऐकून त्यांनी तो परत केला. म्हणाले, "बरोबर. अजून वरच हाय."

ढग आले की तुम्ही चंद्र कोणाला विचारता?