भाड्याचं लुगडं

क्रूझ होती तीन रात्रींची आणि मी बॅगेत भरत होते चौदा ड्रेस. हसा खुशाल. चौदा ड्रेस, पाच चपला-सँडल, केस सरळ करायचं मशीन, आणि ते मशीन जहाजावर चाललं नाही तर म्हणून दुसरं मशीन. घाटकोपरच्या आमच्या वन बीएचकेत पलंगावर पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "परत येणार आहेस ना गं? की घर सोडून चाललीस?"

ट्रिप आमच्या अंधेरीच्या ऑफिसची. मुंबईहून गोवा आणि परत, सोबत घरचा एक माणूस न्यायची मुभा. नवऱ्याला बोट लागते, मुलाची परीक्षा तोंडावर. जागा फुकट जाऊ नये म्हणून मी आईला विचारलं. प्रेमाने विचारलं असं लिहायला हात शिवशिवतोय, पण तेवढं खोटं आता नको. आधीच पुष्कळ झालंय.

माझी आई वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. चाळीसेक वर्षं तिने बाजारात मासळी विकली. घरात आम्ही तिला 'आय' म्हणतो. चारचौघांत मी 'मम्मी' म्हणते. ऑफिसात मला सगळे लग्नानंतरच्या आडनावाने ओळखतात. कुणी माहेर विचारलं की मी "वर्सोवा" एवढंच सांगते. समोरच्याला सात बंगल्याकडचे महागडे फ्लॅट आठवतात, आणि मी आठवू देते. झाकली मूठ सव्वा लाखाची. याला कारण आहे म्हटलं तर आहे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात डब्यात सुक्या जवळ्याची चटणी नेली होती. एसीचा मजला, वास पसरला, आणि "ये किसका डब्बा है यार?" म्हणत एक जण नाक दाबून फिरला. मीसुद्धा सगळ्यांबरोबर इकडेतिकडे बघितलं. त्या दिवसापासून माझ्या डब्यात भेंडी.

तर आय आदल्या दिवशी दुपारी मेट्रोने घाटकोपरला आली. अंगावर रोजचं लुगडं, हातात एक कापडी पिशवी. पिशवीची चेन तुटलेली, तिथे दोन सेफ्टी पिना. तिने माझा पलंग पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"लग्नाला चाललंस का दर्यावर?"

"आय, तिथे रोज वेगळी थीम असते गं. एक दिवस पांढरे कपडे, एक दिवस देसी..."

"तुजा बापूस धा-धा दिवस जायचा. काय नेयाचा? दोन लुंग्या, एक टावेल, एक स्वेटर आन् मसाल्याची बरणी. दर्यावर वझं नेऊ नये."

ते गाठोडं तीच बांधायची. पण स्वतः ती कधी खोल दर्यात गेली नव्हती. आमच्यात बाया मासेमारीच्या बोटीवर जात नाहीत. बाप पकडून आणणार, आय विकणार. जन्मभर त्याच पाण्यावर पोट, पण किनारा दिसेनासा होईल इतकं लांब तिने ते पाणी कधी पाहिलं नाही. बाप म्हणायचा, एकदा तुला नेईन. तीन वर्षांपूर्वी तो गेला, दवाखान्यात, साध्या आजाराने. न्यायचं राहूनच गेलं.

मग तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हिरवं जरीचं लुगडं, चोळी आणि खांद्यावरची फडकी. नारळी पुनवेला नेसते ते. म्हणाली, "ह्ये नेसून दर्याला हात जोडणार. तुज्या बापसाला सांगीन, बघ, आले मी. त्याच्यासाठीच येतंय, नायतर मना काय करायचंय तुमच्या जहाजावर?"

मला लगेच दिसायला लागलं. जहाजाचा तो चकाचक डेक, माझी बॉस, तिच्या बाजूला गॉगल लावलेला तिचा नवरा, आणि तिथे गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेली माझी आय, हात जोडून दर्याशी मोठ्याने बोलतेय. ती हळू बोलत नाही. आयुष्यभर बाजारात बोललेला गळा तो.

"आय, नियम आहे. माणशी सात किलो. मशीनवर मोजतात," मी म्हणाले. तोंडातून सहज आलं, ठसकाही लागला नाही.

तिने आपली पिशवी एका हाताने उचलली. मग माझी बॅग जमिनीपासून वीतभर उचलून खाली ठेवली. "माजी तीन किलो पन नाय. तुजी बावीस तरी हाय." काट्यावर नंतर ठेवून पाहिली, बावीस किलो चारशे ग्रॅम. पण तेव्हा मी म्हणाले, "माझं ऑफिसचं सामान आहे गं, त्याला वेगळा नियम." तिने लुगडं परत पिशवीत ठेवलं.

ऑफिसचं सामान! आता सांगते, माझ्या बॅगेच्या तळाशी काळ्या पिशवीत काय होतं ते. देसी संध्याकाळसाठी आम्ही सहा जणींनी कोळी डान्स बसवला होता. साकीनाक्याजवळच्या एका फॅन्सी ड्रेसवाल्याकडून सहा लुगडी भाड्याने आणली होती. हिरवी, चमचमती, सॅटिनची, काठावर दुकानाचा शिक्का मारलेली. बरोबर प्लॅस्टिकची पाटी आणि तिला चिकटवलेले प्लॅस्टिकचे पापलेट. माझं लुगडं माझ्या बॅगेत होतं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, ही गंमत. खरंच वाटलं नाही. तो डान्स होता आणि ही माझी आय होती, दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

सकाळी आय आंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या पिशवीच्या सेफ्टी पिना काढल्या. लुगडं उचललं, कपाटाच्या वरच्या कप्प्यात चादरींखाली सारलं आणि त्या जागी माझे दोन कुर्ते आणि पलाझो ठेवले. तिचं रोजचं लुगडं मी आधीच धुवायला टाकलं होतं आणि प्रवासात घालायला म्हणून माझाच एक पंजाबी ड्रेस तिला दिला होता. पिना परत लावल्या. आपण काय करतोय हे मला पुरतं कळत होतं.

बंदरावर सामान पट्ट्यावरून सरसर आत गेलं. कुणी काही मोजलं नाही. आय मान वर करकरून बघत होती. "काटा कुठं हाय गो?" तिने विचारलं. मी फोन आल्यासारखं केलं.

जहाज सुटल्यावर केबिनमध्ये तिने पिशवी उघडली. एकदा हात घालून पाहिलं, मग सगळं पलंगावर काढलं, मग रिकामी पिशवी उलटी करून झटकली. मी आरशासमोर उभी राहून लिपस्टिक लावत होते आणि आरशातून बघत होते.

"माजं लुगडं?"

"वजन जास्त होत होतं गं आय."

"काटा तर कुठं दिसला नाय," ती म्हणाली. तेवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या तर मीही आवाज चढवला असता आणि हिशोब मिटला असता. ती नुसती कपडे घड्या करत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला डेकवर नेलं. चारी बाजूंना पाणी, किनारा कुठेच नाही. माझ्या निळ्या कुर्त्यात आणि पलाझोत ती कठड्याशी उभी राहिली. वारा जोराचा होता. तिचा हात सारखा खांद्याकडे जायचा, पदर सावरायला, आणि पदर नसायचा. पाण्याचा रंग बघून ती म्हणाली, इथे खोल असणार. मी म्हटलं, "आय, हात जोड ना. बाबांना सांगायचं होतं ना तुला?"

"आता नको. अशा कपड्यात नको. तो वळखायचा नाय मना."

मी तिचा फोटो काढला. तिने हसून दिला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे, मी उघडत नाही.

संध्याकाळी डेकवर देसी कार्यक्रम. आयला मी पहिल्या रांगेत बसवलं आणि "माझा डान्स आहे" एवढंच सांगून पळाले. बाजूच्या एका छोट्या खोलीत आम्ही सहा जणी मोबाइलवर व्हिडिओ लावून लुगडी नेसत होतो. पार वाट लागली होती. सॅटिन कुणाच्या कमरेवर टिकेना. माझी बॉस, मुलुंडची, शाकाहारी, हसून हसून लाल झालेली, तिचं लुगडं तर सरळ पायात आलं. बाहेर निवेदक आमचं नाव पुकारायच्या बेतात. एकीने दार उघडून ओरडून विचारलं, "किसी के पास सेफ्टी पिन है क्या?"

आयच्या बांगडीत कायम चार पिना लटकलेल्या असतात. ती उठून आली.

दारातच थांबली. समोर सहा जणी अर्धवट लुगड्यात. सहावी मी, डोक्यावर प्लॅस्टिकची पाटी, पाटीत पापलेट. तिने माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. मला वाटलं डेक फाटावा आणि मी खाली दर्यात जावं. पण आय तशीच आत आली. पुढे होऊन माझ्या बॉसच्या लुगड्याला हात लावला. "सॅटिन हाय. घसरनारच," असं म्हणाली आणि कामाला लागली. गाठ मारली, निऱ्या ओढल्या, कासोटा मागे खोचला. दोन मिनिटांत लुगडं अंगाला असं बसलं की बॉसने जागेवर उडी मारून पाहिली.

"वाह आंटी! आपको कैसे आता है ये?"

खोलीत सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. आय माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती, विचारल्यासारखी. मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझी आय कोळीण आहे. चार शब्द. पाच-सहा सेकंद तरी ती थांबली असेल, आणि त्या सगळ्या वेळात मी पाटी नीट करत होते.

मग ती बॉसकडे वळली. "हमारे बाजू में एक कोळीण रहती थी," ती म्हणाली. "उससे सीखा."

"अरे वा, लकी हो आंटी! अभी सबका ठीक कर दो ना प्लीज." आणि उरलेल्या आम्ही पाच जणी रांगेत उभ्या राहिलो. तिने एकेकीला नेसवलं. शेवटी माझ्यापाशी आली, गुडघ्यावर बसली आणि माझ्या निऱ्या करायला लागली. माझ्या लग्नात तिने म्हटलं होतं, हळदीला तरी लुगडं नेस. मी नाही म्हटलं होतं. आता तिची बोटं माझ्या कमरेला गाठ मारत होती आणि तोंडातल्या तोंडात ती निऱ्या मोजत होती. "नीट उबी ऱ्हा," ती हळू म्हणाली. इतक्या हळू मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

आणि मी नाचले. हो, नाचले. वल्हं मारायची ती ठरलेली स्टेप, कमरेवर हात, सगळं. टाळ्या पडल्या. आयनेही वाजवल्या.

घरी परतल्यावर तिने रोजचं लुगडं नेसलं, पिशवी उचलली आणि मेट्रो पकडली. कपाटातल्या लुगड्याबद्दल विचारलं नाही. मीही द्यायला धजले नाही. रविवारी मी ते इस्त्री करून, चांगल्या दुकानाच्या कागदी पिशवीत घालून वर्सोव्याला निघाले. अख्ख्या मेट्रोत मनातल्या मनात एकच घोकत होते, आय, माझं चुकलं, सोमवारी ऑफिसात सगळ्यांना सांगणार आहे. तोंडात मारून घ्यावी तर आपलाच हात आणि आपलंच तोंड.

आय अंगणात बांबूवर वाळत घातलेले बोंबील उलटत होती. मी पिशवी पुढे केली. "आय, तुझं लुगडं."

तिने ओले हात लुगड्याला लागू नयेत म्हणून मागे घेतले. पिशवीत वाकून पाहिलं. जरीचा काठ ओळखून मान हलवली.

"मी काय आता परत दर्यावर जात नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. पुढच्या येळेला नाचायचं असंल, तर भाड्याचं कशाला आनतंस?"