तिसरा होकार

घानातल्या कोफोरिडुआत लग्न ठरलं की मुलीकडचे लोक आधी आंटी बिरागोला तारीख विचारत, मग पाद्रीबुवांना. पाद्री दुसरा मिळतो.

मुलींच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवून ती निवृत्त झाली, तेव्हा नवरा म्हणाला, "आता घरात जरा शांतता मिळेल." तिने त्याची ती सोय केली. समारंभांत मुलीकडची बोलणारी म्हणून ती उभी राहू लागली आणि घरी जेवण्यापुरती येऊ लागली. इकडे दोन घरं लग्नाचं सरळ एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्हीकडून एकेक तोंडाळ माणूस नेमतात. ते एकमेकांना टोमणे मारतात, दंड ठोकतात, आणि त्यातूनच सोयरीक जुळते. आंटी बिरागोने हाती घेतलेला समारंभ आजवर अर्धवट राहिला नव्हता. एकदा वाऱ्याने मांडव उडायला लागला, तेव्हा तिने वरपक्षाचे धिप्पाड काका चार खांबांना धरून उभे केले आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

त्या शनिवारी समारंभ तिच्या धाकट्या मावसबहिणीकडे, दुफिएकडे होता. दुफिएची मुलगी न्हिरा कॅनडात नर्स. तिला रजा मिळाली नव्हती, पण तेवढ्यासाठी कोणी लग्न थांबवत नाही. नवरा मुलगा ओबेंग खांद्यावरून केंटेचं भारी, रंगीत वस्त्र पांघरून घामाघूम बसला होता. शेजारच्या खुर्चीवर न्हिराची तसबीर, तिच्यापुढे माल्टच्या रिकाम्या बाटलीला टेकवलेला दुफिएचा फोन, आणि फोनमध्ये खुद्द न्हिरा, कामावर जायचा कोट घालून.

पाहुणा आला की आधी पाणी द्यायचं आणि मग काय काम काढलंत ते विचारायचं, ही रीत. आंटी बिरागोने तीत भर घातली. पाणी फिरलं तशी ती ताठ उभी राहिली.

"पाणी दिलं, सावली दिली. या घरात आणखी एक गोष्ट वाहते, तीही घ्या. वायफायचा पासवर्ड न्हिरा. सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. म्हणा माझ्यामागून!"

अख्ख्या मांडवाने वर्गासारखं म्हटलं. टेकडीच्या कुशीतली ती आळी, मोबाइलची रेंज तिथे नावाला. लोक खूश झाले. वरपक्षाचा बोलणारा ओपानिन त्वुमासी, काठीवर हनुवटी टेकून बसणारा खडूस म्हातारा, तोसुद्धा म्हणाला, "पाहुणचार असावा तर असा." त्वुमासीच्या तोंडून स्तुती! आंटी बिरागो त्यावर पुढचा अर्धा तास तरंगत होती.

मग वरपक्षाच्या मानाच्या दारूच्या बाटल्या पुढे आल्या. आता मुलीला तीनदा विचारायचं आणि तिने तीनदा हो म्हणायचं. दोनदाच म्हटलं तर ते नाही धरतात. बाटल्या आल्या तशा परत जातात, आणि परत गेलेल्या बाटल्या पुन्हा आणायला थोरली मंडळी वर्षवर्ष तयार होत नाहीत.

"न्हिरा, या बाटल्या घेऊ?"

"हो, आंटी." टाळ्या.

"न्हिरा, दुसऱ्यांदा विचारते. घेऊ? उद्या पोटात कळ आली तर माझं नाव नको."

"हो, आंटी." बायका उठून नाचल्या.

"न्हिरा, तिसऱ्यांदा आणि शेवटचं—"

न्हिरा थिजली. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, शिंक अडकल्यासारखी. मग तीही गेली आणि तिच्या जागी एक चक्र फिरू लागलं.

"मुलगी विचारात पडली वाटतं," त्वुमासी म्हणाला.

"विचार करणारी असती तर तुमच्या पोराला दोनदा तरी हो म्हणाली असती का?"

मांडव हसला. ओबेंग हसला नाही. न्हिराची बस थोड्या वेळात सुटणार होती, आणि वॉर्डात शिरली की तिचा फोन कपाटात बंद.

दुफिएचा भाऊ वोफा याव पुढे सरसावला. कुमासीत त्याच्या मित्राचं फोनचं दुकान होतं, एवढ्या भांडवलावर तो तज्ज्ञ. त्याने आधी फोनचं कव्हर काढलं. "श्वास कोंडतो बिचाऱ्याचा." मग फोन मांडीवर पुसला, बंद केला, चालू केला. चक्र फिरतच राहिलं. मग तो घरात गेला. राउटर फ्रिजवर होता, अंगावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी.

"याला शाल कोणी पांघरली?"

"धूळ बसते रे," दुफिए म्हणाली.

त्याने रुमाल काढला, राउटरही बंद करून चालू केला. दिवे लुकलुकले. चक्र तसंच.

"आता फोनमध्ये नेटवर्क विसरायचं बटण असतं, ते दाब."

दुफिएचा हात छातीवर गेला. "विसरलं आणि माझी मुलगी पुन्हा सापडलीच नाही तर?"

"मुलगी नाही गं, नेटवर्क विसरायचं!"

तिने डोळे मिटून दाबलं. फोनने पासवर्ड मागितला.

"अगंबाई, काय होता?"

"न्हिरा!" सगळा मांडव गरजला. "सगळी लहान अक्षरं! मध्ये जागा नाही!"

आंटी बिरागोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने मांडवावरून नजर फिरवली. माना खाली, बोटं काचेवर. चर्चच्या गायिका इटलीतल्या बहिणीला सगळा समारंभ जसाच्या तसा दाखवत होत्या. मागच्या रांगेत फुटबॉलचा सामना चालू होता. खुद्द त्वुमासी काठीआडून कुस्ती बघत होता. एक नळ आणि त्याला सगळं गाव लागलेलं. नळ सोडला कोणी? तिने.

"पासवर्ड बदलून टाकू?" वोफा याव कुजबुजला.

"पाहुण्याच्या ओठाला लावलेला पेला काढून घेऊ? उद्या बाजारात तोंड तू दाखवशील माझ्याऐवजी?"

तिने जोरात टाळी वाजवली.

"मंडळी! तिसरा होकार पूर्वजांच्या साक्षीने व्हायचा असतो. आणि पूर्वजांपासून चालत आलेली रीत अशी, की त्या घटकेला प्रत्येकाने आपला फोन विमान मोडवर टाकायचा."

त्वुमासीने मान वर केली. "कुठल्या पूर्वजापासून?"

"तुमचे पायी फिरायचे, ओपानिन. तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

हशा ओसरेपर्यंत तिने वाट पाहिली. "जो मोडेल त्याला दंड, एक मेंढी."

"मंजूर," त्वुमासी लगेच म्हणाला. "तुमच्या बाजूलाही लागू?"

"माझ्या आईलाही लागू, ती वर गेलीय तरी."

मेंढीचं नाव निघताच फोन पटापट विमानात बसले. मागचा सामना थांबला. मांडवात इतकी शांतता पसरली की स्वयंपाकघरातलं तळणही ऐकू येऊ लागलं. आंटी बिरागो रुबाबात वळली. "दुफिए, लाव आता."

दुफिए हात जोडून शहाण्या मुलीसारखी बसली होती. "काय लावू?"

"फोन!"

"तो मी विमानावर टाकला."

"अगं, तुझा कशाला?"

"प्रत्येकाने म्हणालीस ना. शाळेत तुझं ऐकलं नाही की ओणवं उभं करायचीस."

वोफा यावने फोन हिसकावला. विमान उतरवायचं बटण काही त्याला सापडेना. शेवटी त्याने आपलं एकुलतं एक औषध दिलं, फोन बंद करून चालू केला. आता पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, ते हलेना. ओबेंगने डोळे मिटले. त्वुमासी काठी टेकत सावकाश उठला.

"आंटी, बाटल्यांना ऊन लागतंय. उचलायला सांगू?"

तेवढ्यात टेबलाखालून एक भजन खणखणीत आवाजात सुरू झालं. आवाज आंटी बिरागोच्या हातपिशवीतून येत होता.

त्वुमासीच्या चेहऱ्यावर सकाळ झाली. "मेंढी," तो हळूच, प्रेमाने म्हणाला.

आंटी बिरागोने पायाने पिशवी टेबलाखाली आणखी आत सारली. "तो पिशवीत होता... मला दिसला नाही."

"पूर्वजांना दिसला."

तिने फोन बाहेर काढला. पडद्यावर नाव होतं न्हिराचं. आईचा फोन लागेना म्हणून पोरीने आंटीला लावला होता, आणि साऱ्या मांडवात तेवढाच एक जमिनीवर होता. ती उचलणार, तोच त्वुमासीची काठी आडवी आली.

"आधी दंड कबूल, मग फोन."

भजनाचं दुसरं कडवं सुरू झालं. ओबेंग खुर्चीतून उसळला. "आंटी, मेंढी मी देतो, पण उचला!"

"नवऱ्या मुलाने बोलायचं नसतं," दोघेही एकदम ओरडले.

"कबूल!" आंटी बिरागोने काठी बाजूला सारली. "मेंढी कबूल!"

न्हिरा काचेसारखी स्वच्छ दिसत होती. बसथांबा, अंधार, टोपीवर बर्फ. "आंटी! कोणी उचलतच नाही! हो! मघापासून हो हो म्हणतेय मी, रांगेतले लोक माझ्याकडे बघताहेत!"

"थांब. विचारल्याशिवाय हो म्हणायचं नसतं. बस आली?"

"दिसतेय."

"दिसू दे." तिने खांद्यावरच्या कापडाच्या टोकाने कपाळ टिपलं, फोन उंच धरला आणि एकही शब्द न गाळता विचारलं, "न्हिरा, तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारते. या माणसांनी आणलेल्या या बाटल्या आम्ही घेऊ?"

"हो, आंटी."

ओबेंग रडला. मग बस आली. मग जेवणं झाली.

मेंढी त्वुमासीने कापली नाही. चर्चच्या वाटेवर आपल्या दाराशी बांधली आणि दर रविवारी आंटी बिरागो दिसली की काठीने मेंढीकडे खूण करू लागला.

"वाळली बिचारी," आंटी बिरागो न थांबता म्हणते. "दिलेल्या मेंढीला उपाशी ठेवायचं नाही, ही पूर्वजांची रीत. तुम्हाला दंड लागेल, ओपानिन."